जिवाचा हिशेब

माणसाच्या जिवाची रुपयांत किंमत करणे हे पाप आहे असे पुष्कळांना वाटते. परंतु ती किंमत रोज होतच असते. आपल्याला ती सांगितली जात नाही, इतकेच.

२४ जुलै २०१४ रोजी नांदेडहून मुदखेडवरून सिकंदराबादकडे जाणारी पॅसेंजर मेदक जिल्ह्यात मासायपेटच्या फाटकावर शाळेच्या बसवर आदळली. डझनाहून अधिक मुले गेली. तेथे गेटमन नव्हता. गेटमन कोठे ठेवायचा हे ठरवताना रेल्वे एक गुणाकार पाही: दिवसभरातील गाड्या गुणिले रस्त्यावरची वाहने. त्यात बैलगाडी एक, आणि मुलांनी भरलेली बसही एकच! पायी चालणारा तर मोजणीतच नाही. गुणाकार लहान भरला आणि रूळ दुरून दिसत असला, की गेटमनचा पगार वाचे.

अर्थशास्त्रज्ञांची रीत निराळी आहे. समजा, एका फाटकावर लाख माणसांची ये-जा आहे आणि गेटमन ठेवल्याने वर्षाला त्यांतील एक वाचेल. तो कोण, हे कोणासच ठाऊक नाही. हा धोका टळावा म्हणून प्रत्येकजण खुशीने १०० रुपये देत असेल, तर वाचलेल्या एका जिवाचे मूल्य १ कोटी झाले. आईच्या दुःखाचे हे मोल नव्हे, नुकसानभरपाईही नव्हे. रेल्वे अपघातातील मृत्यूबद्दल २०१७ पासून ८ लाख ठरले आहेत, पण ते मेल्यानंतरचे. हा १ कोटी मरणाआधीचा, आणि तीन पाळ्यांच्या तीन गेटमनांचा वर्षाचा पगार त्याच्या जवळपासही जात नाही.

यात एक खोच मात्र आहे. मोंढ्यातला हमाल १०० कोठून देणार? तो १० देईल. मग त्याचा जीव १० लाखांचा काय? १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याने हेच केले: भरपाई पगारावरून काढली, म्हणून कमी पगाराचा माणूस मेल्यावरही स्वस्तच राहिला. अमेरिकेचे वाहतूक खाते गरीब-श्रीमंत सर्वांना एकच आकडा लावते. २०२३ साठी तो १ कोटी ३२ लाख डॉलर होता. आपण मागायचे ते हे.

२०१२ साली डॉ. अनिल काकोडकर यांच्या समितीने सर्व फाटके पाच वर्षांत काढून टाकण्यास सांगितले होते. खर्च ५० हजार कोटी, आणि गाड्या चालवण्याच्या खर्चातील बचतीतून तो ७-८ वर्षांत भरून निघेल, असा तिचा अंदाज. म्हणजे जिवांच्या रकान्यात शून्य लिहिले तरी काम परवडत होते. मासायपेटच्या वेळी त्या अहवालाला दोन वर्षे होऊन गेली होती. ब्रॉडगेजवरील गेटमन नसलेली फाटके संपायला ३१ जानेवारी २०१९ उजाडले.