पुरवणी मागण्या आणि अनुसूचित जातींचा वाटा

विधिमंडळाचे एक अधिवेशन दरवर्षी नागपुरात भरावे, असे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरले. अधिवेशनाच्या दिवसांत यशवंत स्टेडियमवर धरणी धरली जातात, मोर्चे मॉरिस कॉलेजच्या टी पॉइंटजवळ अडवले जातात, मंत्री निवेदने स्वीकारतात. शिष्यवृत्ती थकली आहे, वसतिगृहात जागा नाही, स्वाधारची रक्कम आलेली नाही, असे मजकूर त्यांत असतात. या मागण्यांचे भवितव्य ज्या कागदांवर ठरते ते कागद त्याच दिवसांत विधानभवनात मंजूर होत असतात. आपल्या कार्यकर्त्यांना मोर्चा कसा काढावा हे सांगावे लागत नाही; परंतु या कागदांची भाषा आपण अद्याप आपली केलेली नाही.

राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मुंबईत मांडला जातो. पुढे तरतूद अपुरी पडली किंवा नवा खर्च उद्भवला की संविधानाच्या कलम २०५ प्रमाणे पुरवणी मागण्या येतात. हिवाळी अधिवेशनातील मुख्य आर्थिक कामकाज ते हेच. २०२३ साली ७ डिसेंबरला, म्हणजे अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी, ५५,५२० कोटी रुपयांच्या मागण्या मांडल्या गेल्या. २०२४ चे अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर असे अवघे सहा दिवस चालले. त्यात ३३,७८८ कोटींच्या मागण्या होत्या आणि त्यांपैकी १,४०० कोटी 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेसाठी होते. इतक्या थोड्या दिवसांत इतक्या रकमांची छाननी कशी होणार, हे वाचकांनीच ताडावे.

विधानसभेला मागणी मंजूर करता येते, नाकारता येते, कमी करता येते. वाढवता मात्र येत नाही. राज्यपालांच्या शिफारशीवाचून कोणतीही मागणी मांडता येत नाही, आणि ती शिफारस म्हणजे प्रत्यक्षात मंत्रिमंडळाचा निर्णय. एका योजनेचा पैसा काढून तो वसतिगृहांना द्यावा असे एखाद्या आमदाराला मनापासून वाटले, तरी त्याला तसे करता येत नाही. तो कपात सूचना देऊ शकतो. मागणीची रक्कम एक रुपयापर्यंत खाली आणावी असे सुचवून त्या खात्याच्या धोरणावरच चर्चा घडवून आणू शकतो. मागण्यांवर मतदान झाले की विनियोजन विधेयक येते. कलम २०४ प्रमाणे त्या विधेयकात रक्कम किंवा तिचे प्रयोजन बदलणारी दुरुस्ती मांडताच येत नाही. विधान परिषदेला चर्चा करता येते, मागण्यांवर मत देता येत नाही. तेव्हा शेवटच्या दिवशी दिलेले निवेदन कितीही तळमळीचे असले तरी ते मतदानानंतर पोचलेले असते.

दलितांच्या दृष्टीने याहून महत्त्वाची गोष्ट लेखाशीर्षांत दडलेली आहे. १९७० च्या दशकाअखेर विशेष घटक योजना सुरू झाली. विकासाचा पैसा वरून खाली झिरपत अस्पृश्य वस्तीपर्यंत पोचत नाही, म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात तो आधीच वेगळा काढावा, हा तिचा विचार. हिशेबात या रकमेसाठी ७८९ हे गौण शीर्ष आहे. आदिवासी उपयोजनेसाठी ७९६. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जातींचे प्रमाण सुमारे ११.८ टक्के आहे. हा आकडा पैसा कोणाच्या नावे पडला ते सांगतो. त्या पैशाने वस्तीत काय उभे राहिले, हे त्यावरून कळत नाही.

याचे प्रत्यंतर २०२५ मध्ये आले. त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात अनुसूचित जाती घटक कार्यक्रमासाठी २२,६५८ कोटींची तरतूद जाहीर झाली आणि ही वाढ ४२ टक्क्यांची आहे असे सभागृहात सांगण्यात आले. मे महिन्यात सामाजिक न्याय विभागाच्या तरतुदीतून ४१०.३० कोटी आणि आदिवासी विकास विभागाच्या तरतुदीतून ३३५.७० कोटी लाडकी बहीण योजनेकडे गेल्याचे उघड झाले, तेव्हा गदारोळ झाला. त्या वेळचे सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. परंतु लाडकी बहीण योजनेच्या वर्षभराच्या ३६,००० कोटींपैकी ३,९६० कोटी अनुसूचित जातींच्या आणि ३,२४० कोटी आदिवासींच्या वाट्यातून घेण्याची तरतूद अर्थसंकल्पातच होती. हे प्रमाण अनुक्रमे ११ आणि ९ टक्के पडते. ज्या २२,६५८ कोटींच्या वाढीचा डंका पिटला गेला, त्यांतला सहाव्या हिश्श्याहून अधिक भाग असा आधीच बांधलेला होता. मार्चमध्ये हे पान कोणी उलटून पाहिले असते तर मेपर्यंत थांबावे लागले नसते.

सरकारची बाजूही ऐकली पाहिजे. योजनेच्या लाभार्थींत अनुसूचित जातींच्या स्त्रिया आहेत, म्हणून त्यांच्यावरचा खर्च त्यांच्या वाट्यातून दाखवला, असे ते म्हणते. आपल्या आयाबहिणींच्या हाती दरमहा पडणाऱ्या दीड हजाराला कोणी क्षुल्लक म्हणू नये. पण तो पैसा त्या स्त्रीला राज्याची नागरिक म्हणून मिळतो, शेजारच्या सवर्ण स्त्रीला मिळतो तसाच. शेजारणीचा खर्च सर्वसाधारण तिजोरीतून आणि हिचा खर्च तिच्याच मुलीच्या वसतिगृहासाठी राखलेल्या पैशातून, हा कुठला न्याय? घटक योजना ही अधिकची तरतूद आहे. सर्वांना मिळणारा लाभ तिच्या खात्यावर लिहिला की वाटा कागदावर पूर्ण राहतो आणि वस्तीत शून्य होतो. मग हाच हिशेब रस्ते, वीज, पाणी यांना लावायला काय हरकत उरते?

आकडे असे शेजारी ठेवून वाचण्याची रीत बाबासाहेबांनी घालून दिली आहे. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदे मंडळात शिक्षण अनुदानावर बोलताना त्यांनी दाखवले की सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि अबकारीतून दरडोई २ रुपयांहून अधिक वसूल करते. प्रांतिक वित्तव्यवस्थेवर प्रबंध लिहिलेला माणूसच ते बोलत होता, हे खरे; पण ही वजाबाकी करायला प्रबंध लागत नाही.

वाटा राखणारा कायदा करा, ही मागणी योग्यच आहे. आंध्र प्रदेशाने आणि कर्नाटकाने असे कायदे २०१३ मध्येच केले. तथापि कर्नाटकाच्या कायद्यात ७ (ड) हे कलम होते. त्याच्या आधारे सर्वसाधारण कामांचा खर्चही या वाट्यात धरता येई. ते कलम २०२३ मध्ये वगळले गेले आणि त्याच वर्षी तिथे सुमारे ११ हजार कोटी रुपये सर्वांसाठीच्या हमी योजनांकडे वळवल्याचा वाद पेटला. तेव्हा महाराष्ट्रात मसुदा होईल त्या वेळी, सर्वांना मिळणाऱ्या लाभाचा प्रमाणशीर हिस्सा ७८९ खाली दाखवता येणार नाही, असे एक वाक्य त्यात स्पष्ट शब्दांत असायला हवे.