गावात मिळत नाही ते पिशवीत

१९१३ च्या टूर द फ्रान्स शर्यतीत युजेन क्रिस्तोफ हा सायकलपटू तुरमाले घाट उतरत होता. उतारावर सायकलचा पुढचा फोर्क मोडला. दुरुस्ती ज्याची त्यानेच करायची, असा तेव्हाचा नियम. क्रिस्तोफने मोडकी सायकल खांद्यावर घेतली, कित्येक किलोमीटर चालत खालचं गाव गाठलं आणि तिथल्या लोहाराच्या भट्टीवर स्वतःच्या हाताने फोर्क सांधला. त्यात काही तास गेले. एवढं करूनही पंचांनी त्याला दंड ठोठावलाच, कारण काम चालू असताना एका पोराने भाता हलवला होता.

आजचे सेल्फ-सपोर्टेड, म्हणजे आपला भार आपणच वाहायच्या सायकल उपक्रमांचे नियम इतके कडक नाहीत. पण मूळ तेच आहे. मागे गाडी नाही, गाडीत मित्र नाही, वाटेत भावाने आणून ठेवलेला डबा नाही. दुकान, खानावळ, लॉज, पंक्चरवाला चालतो. अट एवढीच, की जे मला मिळतं ते माझ्या मागून येणाऱ्यालाही मिळायला हवं. म्हणून सामानाची यादी करताना पहिला प्रश्न वाटेवरच्या गावांबद्दलचा असतो: तिथे काय मिळतं? जे मिळत नाही, ते पिशवीत.

प्रकार तीन, नियम वेगळे

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ पार केली, तेव्हा आपल्याकडे लांब पल्ल्याच्या सायकलिंगची चर्चा घरोघरी पोचली. पण त्या शर्यतीत सायकलस्वारामागे गाडी आणि मदतनीसांची तुकडी असते. तो वेगळा खेळ.

दुसरा प्रकार ब्रेव्हेचा, आपल्याकडच्या बोलीत बीआरएमचा. पॅरिसचा ऑडॅक्स क्लब १९०४ पासूनचा. जगभरातल्या बीआरएम त्याच्या नियमांनी चालतात आणि भारतात त्यांची व्यवस्था ऑडॅक्स इंडिया पाहते. २०० किमीला साडेतेरा तास, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. एका हंगामात हे चारही टप्पे केले, की ‘सुपर रँडोनर’. वाटेतल्या कंट्रोलवर कार्डावर वेळेची नोंद होते. मदतीची गाडी आणलीच, तर ती फक्त कंट्रोलवर भेटू शकते. पहिला-दुसरा नंबर नसतो. २०० किमीसाठी थांबे धरून ताशी १५ किमीची सरासरी पुरते, म्हणजे चहाला पाऊण तास बसलात की तो पुढे पायांनी फेडायचा.

तिसरा प्रकार डोंगरातला, मातीच्या वाटांचा. त्याचं मोठं उदाहरण ‘टूर डिव्हाइड’: कॅनडातल्या बॅन्फपासून अमेरिका-मेक्सिको सीमेपर्यंत रॉकी पर्वताच्या कण्याने सुमारे ४,४०० किमी. दरवर्षी जूनमध्ये स्वार एकत्र निघतात. प्रवेशशुल्क नाही, बक्षीसही नाही. मार्गाची फाइल प्रत्येकाकडे असते आणि कोण कुठे आहे ते उपग्रहाशी जोडलेल्या ट्रॅकरच्या ठिपक्यावरून कळतं. दोन गावांमधलं अंतर कधी दिवसभराचं असतं. सामानाची खरी परीक्षा इथे.

नगर जिल्ह्याची जमीन

अहिल्यानगर, म्हणजे कालपरवापर्यंतचं अहमदनगर, क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा, १७,०४८ चौ. किमी. पूर्वेला आणि दक्षिणेला अवर्षणाचा टापू, पश्चिमेला अकोले तालुक्यात सह्याद्री आणि त्यात १,६४६ मीटरचं कळसूबाई. अशा सायकलिंगचा सराव करायला याहून चांगली जागा शोधायला नको. भंडारदऱ्याच्या विल्सन धरणाच्या जलाशयाला शेंडी, मुरशेत, पांजरे, उडदावणे, घाटघर, साम्रद, रतनवाडी आणि मुतखेल असा वळसा घालता येतो. बराचसा रस्ता डांबरी, पण चढउतार सतत आणि दुकानं विरळ. संगमनेरहून अकोले-राजूरमार्गे निघून हा वळसा आणि परत, एवढं दोन दिवसांत केलं तर छोटा टूर डिव्हाइडच झाला.

सामानाचं गणित जमिनीवर ठरतं. पारनेर, नगर, कर्जतकडे वेडी बाभूळ आणि सराटा. सराट्याचा काटा टायरमध्ये एकटा घुसत नाही. बांधावरून सायकल नेली की दोन्ही टायरांत डझनभर. काळ्या रानात अवकाळी पाऊस झाला, तर चिखल टायर आणि फ्रेमच्या मध्ये असा बसतो, की चाक फिरत नाही. तेव्हा ढकलू नका; सायकल उचला, काडीने चिखल काढा आणि कडेच्या गवतातून चला. ढकलण्याच्या नादात गियरचा डिरेलर स्पोकमध्ये ओढला जातो आणि प्रवास तिथेच संपतो.

चाक आणि दुरुस्ती

सराट्यावर उत्तर म्हणजे ट्यूबलेस टायर. आत सीलंट नावाचा पातळ चीक असतो; काटा निघताच तो छिद्रात जाऊन घट्ट होतो. उन्हाळ्यात तो लवकर सुकतो, म्हणून निघण्याआधी चाक हलवून आत द्रव आहे का ते ऐकावं. ट्यूबलेस असलं तरी एक ट्यूब जवळ हवीच, कारण टायरची बाजू दगडाने फाटली तर सीलंट काही करत नाही. फाटल्या जागी आतून जाड तुकडा लावतात. दुमडलेली दहाची नोटही घरापर्यंत आणते.

गावच्या दुकानात काय मिळतं ते इथे पाहावं. साध्या काळ्या सायकलीची ट्यूब मिळेल, २९ इंची एमटीबीची मिळणार नाही. मोटरसायकलचं पंक्चर काढणारा मात्र फाट्याफाट्यावर आहे. त्याचा पाइप जाड, मोटरसायकलसारख्या व्हॉल्व्हला बसतो. बारीक प्रेस्टा व्हॉल्व्हला बसत नाही. तेव्हा प्रेस्टा असेल, तर पितळी अॅडॅप्टर घ्या. वजन नगण्य, किंमत किरकोळ. कॉम्प्रेसरने हवा भरताना मात्र थोडी थोडी सोडायला सांगा. सायकलचं चाक क्षणात भरतं आणि फुटतंही. स्वतःचा हातपंप तरीही हवाच.

बाकी यादी: दोन टायर लिव्हर, पॅच, चेन तोडायच्या सोयीचा मल्टीटूल, आपल्याच गियरसंख्येची चेन जोडणारी क्विक लिंक, ब्रेक पॅडची जोडी, थोडं तेल, चार झिप टाय आणि पंपाभोवती गुंडाळलेली चिकटपट्टी. हमखास विसरली जाते ती वस्तू म्हणजे डिरेलर हँगर. सायकल पडली, तर फ्रेम वाचावी म्हणून आधी वाकणारा हा छोटा तुकडा. प्रत्येक मॉडेलचा आकार वेगळा, त्यामुळे गावात सोडा, शहरातही मागवावा लागतो.

जुनी सायकल चालेल का? चालेल. पुढे तीन चकत्यांची सायकल असेल आणि पुढची लहान चकती २२ दातांची, मागची मोठी ३४ ची, तर पायाच्या एका फेऱ्यात चाक ०.६५ फेरे फिरतं. महागड्या नव्या सायकलीत ३२ ला ५१ धरले, तर ०.६३. घाटात हा फरक जाणवायचाही नाही.

पिशव्या, पाणी, उजेड

लोखंडी कॅरिअर खडबडीत वाटेवर खडखडतो आणि त्याचे बोल्ट सैल होतात. म्हणून सामान तीन ठिकाणी घट्ट बांधतात. जड वस्तू, म्हणजे हत्यारं, पाणी, पॉवर बँक, फ्रेमच्या त्रिकोणात, कपडे सीटमागे, हलकी पण फुगीर पांघरूण-चटई हँडलवर. पाठीवर काही नको, सातव्या तासाला पाठ त्याचा हिशेब मागते. कपडे आधी जाड प्लॅस्टिक पिशवीत, मग बॅगेत.

खाण्याची चिंता कमी. चहा, केळी, शेंगदाणा लाडू, वडापाव राजूर-अकोल्यापर्यंत मिळतं. पुढे दुकान असेलच असं नाही, म्हणून एका जेवणाइतका कोरडा खाऊ राखून ठेवावा. पाण्याचं तसं नाही. ज्या डोंगरावर मुसळधार पाऊस पडतो, तिथल्याच वाड्या-पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये टँकर येतात. पाणी अडत नाही, कातळावरून वाहून जातं. हिवाळ्यात दोन लिटर, उन्हाळ्यात तीन, शिवाय पाणी शुद्ध करायच्या गोळ्या. गावकऱ्यांच्या हंड्यातलं मागताना, ते किती लांबून आणलंय हे आधी विचारावं.

पुढे पांढरा, मागे लाल दिवा आणि चमकणारं जॅकेट, हे रात्रीच्या बीआरएममध्ये बंधनकारकच. डोक्यावरचा छोटा टॉर्च वेगळा ठेवा. अंधारात दुरुस्ती करताना दोन्ही हात मोकळे लागतात. दहा हजार एमएएचच्या पॉवर बँकेतून पाच हजारांचा फोन दोनदा नव्हे, फार तर सव्वा-दीड वेळा भरतो, बाकीची वीज रूपांतरात जाते. नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून फोन विमान मोडवर ठेवला, तर दोन दिवस निघतात.

झोप

टूर डिव्हाइडचे स्वार अस्वलांच्या प्रदेशात झोपताना खाणं जवळ ठेवत नाहीत. आपल्याकडे सावधगिरी बिबट्याची. अकोले-संगमनेरच्या उसात बिबटे राहतात, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावं लागत नाही. उसाच्या कडेला, ओढ्याकाठी उघड्यावर पथारी टाकू नये. गावात जावं, विचारावं. देवळाचा ओटा किंवा शाळेचा व्हरांडा मिळतो. हे आगंतुक आदरातिथ्य चालतं का, ते त्या त्या उपक्रमाच्या नियमांत पाहावं. आधीपासून ठरवलेली खासगी सोय मात्र बहुधा बाद असते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात वनविभागाच्या नाक्यावर शुल्क भरूनच आत जावं आणि मुक्कामाची परवानगी आधी घ्यावी. डिसेंबर-जानेवारीत तिथे पहाटे पारा एक आकडी होतो, तेव्हा पातळ स्लीपिंग बॅगच्या खाली चटई हवीच. थंडी जमिनीतून जास्त येते.

पहिल्या स्पर्धेआधी एका रात्रीची फेरी करा. परत आल्यावर पिशवी जमिनीवर रिकामी करा आणि जे वापरलं नाही, ते वेगळं काढा. त्यातून हत्यारं, हँगर आणि प्रथमोपचार वगळून उरेल ते पुढच्या वेळी घरी. मग एका रात्री अंगणातला दिवा बंद करून, डोक्यावरच्या टॉर्चच्या उजेडात मागचं चाक काढा, ट्यूब बदला, चाक परत बसवा. जमलं, तर नाव नोंदवा. नाही जमलं, तर आणखी सामान घेऊ नका. पुढच्या रात्री पुन्हा चाक काढा.