रात्री उतरणारी भूल

पायाच्या अंगठ्याचं वाकलेलं हाड कापून सरळ करण्याची शस्त्रक्रिया लहानशी, पण तिचं दुखणं जबर. म्हणून भूलतज्ज्ञ सोनोग्राफीत पाहत गुडघ्यामागच्या सायटिक मज्जातंतूभोवती बुपिव्हाकेन किंवा रोपिव्हाकेन सोडतात. या औषधाने तंतूवरची सोडियमची दारं बंद होतात आणि वेदनेचा संदेश मेंदूपर्यंत पोहोचतच नाही. अडचण पुढेच असते. असर बहुधा रात्री ओसरतो, कळ एकदम उसळते आणि तोवर अनेक रुग्ण घरी गेलेले असतात.

इथे डेक्सामेथासोन कामी येतं; कोविडमध्ये घरोघरी माहीत झालेलं तेच स्टेरॉईड. २०१७च्या कॉक्रेन आढाव्यात ते मज्जातंतूजवळ दिल्यावर बधिरपणा सरासरी साडेसहा तासांहून अधिक लांबला. शिरेतून दिल्यावर सहा तासांच्या आसपास. मला शिरेचाच मार्ग बरा वाटतो, कारण मज्जातंतूजवळ देण्याची अधिकृत मान्यता अनेक देशांत या औषधाला नाही. मधुमेहींची साखर मात्र दोन्ही वाटांनी वाढू शकते, तेव्हा डॉक्टरांना आधीच सांगावं. आणि पाय बधिर असेतो गरम शेक मुळीच नको. चटका बसला तरी कळणार नाही.