तारेखालचं सूत

पुण्याहून मिरजेकडे जाताना शिरवळ मागे पडलं की खंडाळा येतो. लोणावळ्याच्या शेजारचा नव्हे, हा साताऱ्याचा. पुढे खंबाटकी घाट लागतो. परवा त्या चढावर आमच्या गाडीत ‘मनःशांतीसाठी’ म्हणून जपानी बासरी आणि हार्प वाजत होतं.

ती बासरी म्हणजे शाकुहाची. बांबूच्या मुळाकडच्या तुकड्याची, साधारण 54 सेंटीमीटर लांब, पुढे चार भोकं आणि मागे एक. तोंड झाकणारी टोपली डोक्यावर घेऊन हिंडणारे कोमुसो भिक्षू ती करमणुकीसाठी नव्हे, साधना म्हणून फुंकत. तिची खरी जोडीदार कोतो, तेरा तारांची. मिचिओ मियागींची या दोघींसाठीची 1929ची रचना ‘हारू नो उमी’ आता हार्पवरही वाजवतात. हार्पला 47 तारा आणि सात पायपट्ट्या. सूर कसा, धुतल्यासारखा स्वच्छ. पण छेडला की विरायला लागतो. तानपुऱ्यात कान मुरलेल्या माणसाला तिथे पायाखालची सतरंजी कमी पडल्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे जपान्यांनाही तारेची झणझण प्रिय आहे. शामिसेन आणि बिवा या वाद्यांत तार मुद्दाम लाकडाला घासू देतात, त्याला ते ‘सावारी’ म्हणतात.

आपल्याकडे तेच काम जवारी करते, आणि त्यासाठी लोक मिरजेला जातात. हत्यारं घडवणाऱ्या, त्यांना धार लावणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात इथे तंतुवाद्यांचा धंदा बसवला. पुढे ‘सतारमेकर’ हे आडनावच झालं. गवई अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले, 1937 साली वारल्यावर मिरासाहेबांच्या दर्ग्यातच त्यांना माती मिळाली. एवढं गाणं दारात असताना कारागिराचा कान तयार झाला नसता तरच नवल.

भोपळे येतात पंढरपूरच्या बाजूने. चवीला कडू, त्यामुळे भाजीच्या कामाचे नाहीत, पण वाळले की कडक होतात. दांडी आणि तबली तून लाकडाची. कोरीव काम, पॉलिश हे सगळं डोळ्यांना दिसतं, गिऱ्हाईक त्यावरच भाळतं. माझ्या मते खरं वाद्य, तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीवर ठरतं. घोडीचा माथा सपाट दिसला तरी त्याला किंचित उतार असतो. कारागीर कानसीने एक-दोन हात मारतो, तार लावतो, छेडतो, पुन्हा उतरवतो. मग तारेखाली सुताचा धागा सरकवतो. धागा केसभर पुढे गेला तर आवाज बोथट, केसभर मागे गेला तर पत्रा वाजल्यासारखा. मधली जागा सापडली की एका तारेतून वरचे सूर एकेक करून उलगडतात. जवारी खुलते. भौतिकशास्त्रज्ञ चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी 1921 मध्ये याच घोडीवर लिहिलं होतं: तार जिथे छेडली असता एखादा उपस्वर उमटूच नये, तिथेही तो तानपुऱ्यात ऐकू येतो, कारण तार घोडीच्या उतारावर टेकत-सुटत राहते. मिरजेच्या कारागिरांना हे कानाने आधीच ठाऊक होतं.

मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं, नक्कल करणाऱ्यांना थोडा चाप बसेल. फोनमधल्या तानपुऱ्याचं काय करायचं, ते मात्र त्या कागदाने सुटत नाही. रियाजाला फोन सोयीचा आहे, मीही वापरतो. पण त्याची जवारी कायम एकाच जागी थिजलेली. खरा तानपुरा पावसाळ्यात, मैफलीच्या दिव्यांखाली सुरावरून ढळतो, आणि तारेतले मणी सरकवत गवई त्याला पुन्हा ताळ्यावर आणतो.

तानपुऱ्याकडून बासरीवाल्यांची गरज थोडी वेगळी. पन्नालाल घोषांनी बांबूची लांब बासरी मैफलीत आणली, तेव्हापासून खर्जाकडचा तो भारदस्त आवाज रुळला. आज मोठी बासरी बहुतेक पेटीच्या पांढरी तीनच्या पट्टीत असते. पुरुष गवयांच्या काळी एकला जुळवलेला तानपुरा तेवढा वर ओढला तर तारा तटतटतात, म्हणून जाणता कारागीर आधी पट्टी विचारतो. तारांची जाडी आणि भोपळ्याचा घेर त्यावरून ठरतो, नक्षी कोणती हा प्रश्न त्यानंतरचा.