वत्सगुल्म वाकाटक
प्राचीन विदर्भातील एक राजवंश. वत्सगुल्म (सध्याचे वाशिम) ही त्याची राजधानी. पहिला प्रवरसेन (कार. सु. २७०–३३०) याच्या मृत्यूनंतर वाकाटक साम्राज्याची वाटणी झाली. मुख्य शाखा रामटेकजवळील नंदिवर्धन येथे नांदत होती, तर प्रवरसेनाचा मुलगा सर्वसेन याने अजिंठ्याची डोंगररांग व गोदावरी यांमधील प्रदेशात हे राज्य स्थापिले. त्याचे हरिविजय हे प्राकृत काव्य आज उपलब्ध नाही.

१९३९ मध्ये वाशिम येथे सर्वसेनपुत्र विंध्यसेनाचा ताम्रपट सापडेपर्यंत ही शाखा अज्ञात होती. वस्तुतः अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील लेखात तिची वंशावळ होतीच. परंतु झिजलेल्या अक्षरांमुळे विद्वानांनी ती मुख्य शाखेची मानली. वा. वि. मिराशी यांनी हे वाचन दुरुस्त केले.

पुढील राजांपैकी देवसेन विलासप्रिय होता. राज्यकारभार अमात्य हस्तिभोज पाहत असे. याच कारकीर्दीत वाशिमजवळ हिस्सेबोराळा येथे सुदर्शन तलाव बांधला गेला (शक ३८०, इ. स. ४५८). देवसेनपुत्र हरिषेण हा या वंशातील सर्वांत प्रबळ राजा. त्याचा सचिव वराहदेव याने सोळावे लेणे कोरविले. तेथील लेखात कुंतल, अवंती, कलिंग, कोसल, त्रिकूट, लाट व आंध्र या देशांची नावे आहेत. मात्र तेथील काही अक्षरे नष्ट झाल्याने ते सर्व त्याने जिंकले होते, असे निश्चित म्हणता येत नाही.

हरिषेणानंतर राज्य लवकरच लयास गेले. दंडीच्या दशकुमारचरितातील, व्यसनी राजा व फितूर मांडलिक यांच्या कथेत मिराशींना या विनाशाचे प्रतिबिंब दिसते. कथा ही इतिहासाचे दुबळे साधन असली, तरी अजिंठ्यातील अनेक लेणी अर्धवट राहिली, ती याच सुमारास.