विद्यार्थ्यांच्या हाती प्रश्नावली

कामगाराच्या घरात जन्मलेल्या माणसाचे निम्मे आयुष्य अर्ज भरण्यात जाते. रेशनकार्डाचा अर्ज, शाळाप्रवेशाचा अर्ज, नोकरीचा अर्ज, भविष्यनिर्वाह निधीतून स्वतःचेच पैसे काढण्याचा अर्ज. रकाने दुसऱ्याने आखलेले असतात आणि आपले आयुष्य त्यांत बसेल तेवढे आपण बसवावयाचे असते. आमचे शालेय शिक्षण आठवीपुढे गेले नाही. पुढे जे काही शिकलो ते पाळी संपल्यावर युनियनच्या कचेरीत, इतरांचे अर्ज भरून देता देता शिकलो. त्यामुळे कोणताही अर्ज पाहिला की हा कोणी आखला आणि कशासाठी आखला, असा प्रश्न आमच्या मनात प्रथम येतो.

आता काळ पालटला आहे. 2008 साली गूगल कंपनीने आपल्या ऑनलाइन तक्त्यांना जोडून फॉर्म तयार करण्याची सोय दिली आणि त्यानंतर अशा साधनांचा प्रसार झपाट्याने झाला. नववीत शिकणारी मुलगी आज मोबाइलवर दहा मिनिटांत प्रश्नावली तयार करून शंभर माणसांकडे धाडू शकते. जे काम पूर्वी सरकारी खाते, मोठी संस्था किंवा कारखान्याची कचेरी यांनाच साधत असे, ते तिच्या हाती आले आहे. ही गोष्ट आम्ही मोठी मानतो. परंतु हे साधन शिकविताना बटण कोठे दाबावयाचे एवढ्यावरच पुष्कळदा काम आटोपते. प्रश्न कसा विचारावा, कोणाला विचारावा आणि उत्तर आलेच नाही तर त्याचा अर्थ काय, हे शिकवावयाचे राहून जाते. आमच्या युनियनच्या कचेरीत दर रविवारी कामगारांच्या मुलामुलींचा वर्ग भरतो. तेथे आम्ही जे शिकविले, आणि त्याहून अधिक जे शिकलो, ते येथे सांगणार आहोत.

प्रथम साधनाची ओळख करून घेऊ. ऑनलाइन फॉर्ममध्ये उत्तर घेण्याच्या तऱ्हा ठरलेल्या असतात. गोल खुणेच्या प्रश्नाला एकच उत्तर देता येते, चौकोनी खुणेच्या प्रश्नाला अनेक. लहान उत्तरासाठी एक ओळ असते, मोठ्यासाठी परिच्छेद. मत किती तीव्र आहे हे पाहावयाचे असेल तर एक ते पाच अशी मोजपट्टी असते. एखाद्या उत्तरावरून पुढची वाटही बदलता येते. ‘तुम्ही रात्रपाळी करता काय?’ या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर आले, तर रात्रपाळीचे पुढचे सारे प्रश्न वगळता येतात. प्रत्येकाचे उत्तर तक्त्यात एका ओळीत जाऊन बसते आणि बेरजा आपोआप होतात. मुलांना हे सारे एका तासिकेत येते. आमच्यासारख्या पन्नाशी ओलांडलेल्यांना दोन लागतात.

परंतु खूण गोल द्यावी की चौकोनी, हा विचाराचा प्रश्न आहे. ‘पगार का पुरत नाही?’ असे विचारून गोल खुणा दिल्या, तर घरभाडे, औषधपाणी आणि कर्जाचा हप्ता यांपैकी एकच कारण माणसाला निवडावे लागते. तिन्ही कारणे ज्याच्या घरात एकत्र नांदत आहेत त्याचे उत्तर आपण प्रश्न विचारण्यापूर्वीच कापून टाकलेले असते. ‘आवश्यक’ ही खूणही जपून वापरावी. उत्पन्नाचा प्रश्न आवश्यक केला की भिडस्त माणूस एक तर फॉर्म बंद करतो, नाही तर काही तरी आकडा लिहून मोकळा होतो. पहिल्याने आपले एक उत्तर जाते. दुसऱ्याने खोटे उत्तर खऱ्यांत मिसळते, आणि ते अधिक वाईट.

प्रश्नाच्या शब्दांकडे वळू. आमच्या वर्गातील पहिल्या फॉर्ममध्ये एका मुलाने लिहिले होते, ‘कँटीनचे जेवण चांगले व स्वस्त आहे काय?’ जेवण स्वस्त आहे पण बेचव आहे, असे ज्याचे मत आहे त्याने काय उत्तर द्यावे? एका प्रश्नात एकच गोष्ट विचारावी. दुसऱ्याने वयाचे गट केले : 18 ते 25, 25 ते 35. पंचवीस वर्षांचा कामगार दोन्हींकडे बसतो. तिसऱ्याचा प्रश्न होता, ‘तुम्ही नेहमी ओव्हरटाइम करता काय?’ ‘नेहमी’ या शब्दाचा अर्थ प्रत्येकाच्या मनात निराळा असतो. ‘गेल्या महिन्यात किती दिवस ओव्हरटाइम केला?’ असे विचारले म्हणजे मोजता येणारे उत्तर मिळते. आणि ज्या प्रश्नातच उत्तर दडलेले आहे, तो प्रश्न विचारूच नये. ‘व्यवस्थापनाच्या जाचाला तुम्ही कंटाळला आहात काय?’ हा प्रश्न द्वारसभेत शोभतो, पाहणीत शोभत नाही. असे प्रश्न आम्ही स्वतः पुष्कळ विचारले आहेत, म्हणून हे अधिकाराने सांगतो.

प्रश्न थोडके असावेत, हेही अनुभवाचे बोल आहेत. केवळ आमच्या नव्हे, फार थोरांच्या अनुभवाचे. 1880 साली कार्ल मार्क्सने फ्रान्समधील कामगारांसाठी एक प्रश्नावली तयार केली. तीत कामाची जागा, तास, मजुरी, अपघात अशा विषयांवर सुमारे शंभर प्रश्न होते. प्रश्न विचारपूर्वक घातलेले होते, पण उत्तरे फारच थोडी आली. दिवसभर राबलेला माणूस शंभर प्रश्नांना बसत नाही.

अशा पाहण्यांवर पोटापाण्याचे प्रश्न अवलंबून असतात, हे मुलांना सांगितले पाहिजे. महागाई भत्ता ज्या निर्देशांकावर ठरतो, तो कामगार कुटुंबांच्या खर्चाची पाहणी करून केलेल्या यादीवर उभा असतो. कुटुंब कशावर किती खर्च करते हे विचारून ती यादी बनते. मुंबईत 1963 साली या निर्देशांकावरून कामगारांचा मोठा असंतोष उसळला. भाव चढत आहेत आणि निर्देशांक त्यांच्या मागे रेंगाळत आहे, ही तक्रार होती. राज्य सरकारने प्रा. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली, तिने तपासणी केली आणि निर्देशांकात दुरुस्ती करावी लागली. रकाना चुकला की कामगाराच्या ताटातली भाकरी कमी होते.

तथापि सर्वांत अवघड धडा याहून निराळा आहे, आणि तो आम्ही स्वतः चूक करून शिकलो. ज्या कारखान्यात आमची युनियन आहे, तेथील कामगारांना नेणारी बस सकाळी केव्हा सुटावी असा प्रश्न निघाला. आम्ही उत्साहाने ऑनलाइन फॉर्म केला, युनियनच्या व्हॉट्सॲप गटावर टाकला आणि दोन दिवस उत्तरे मोजली. उशिराच्या वेळेला भरघोस बहुमत मिळाले. ते आम्ही व्यवस्थापनापुढे ठेवले आणि बसची वेळ बदलली. लोकशाही मार्गाने काम झाले म्हणून आम्ही समाधानात होतो.

पुढच्या रविवारी वर्गात तोच फॉर्म आम्ही नमुना म्हणून दाखविला. एक मुलगी उठून म्हणाली, “काका, हा फॉर्म माझ्या आईला आलाच नाही.” तिची आई ठेकेदाराकडे झाडलोटीचे काम करते. त्या बायकांचे काम इतरांच्या आधी सुरू होते. कंपनीच्या बसमध्ये त्यांना कागदोपत्री जागा नव्हती. चालक माणुसकीने मागच्या बाकांवर बसू देत असे. युनियनच्या सभासद नसल्यामुळे त्या गटावर नव्हत्या. बसची वेळ पुढे गेल्यापासून त्या रस्त्याच्या फाट्यापासून अंधारात चालत जात होत्या. आमच्या तक्त्यात त्यांची एकही ओळ नव्हती, त्यामुळे त्यांचा विरोधही नव्हता.

अशी चूक मोठमोठ्यांच्या हातून झालेली आहे. अमेरिकेत 1936 साली ‘लिटररी डायजेस्ट’ या साप्ताहिकाने अध्यक्षीय निवडणुकीपूर्वी सुमारे 1 कोटी मतपत्रिका टपालाने धाडल्या. 20 लाखांहून अधिक परत आल्या. त्यांवरून लँडन निवडून येणार असे त्याने जाहीर केले. प्रत्यक्षात रूझवेल्ट यांनी 48 पैकी 46 राज्ये जिंकली. नावे घेतली होती मुख्यतः टेलिफोनच्या आणि मोटारमालकांच्या याद्यांतून. मंदीच्या त्या काळात ज्याच्या घरी फोन नव्हता आणि दारात मोटार नव्हती, त्याला सहसा कोणी विचारलेच नाही. शिवाय ज्यांना विचारले त्यांपैकीही बहुतेकांनी उत्तर दिले नव्हते. उत्तरांचा ढीग कितीही मोठा असला तरी न विचारलेल्या माणसाची उणीव त्याने भरून निघत नाही.

म्हणून आमच्या वर्गात आता क्रम बदलला आहे. मोबाइल हाती घेण्याआधी मुले वहीत तीन ओळी लिहितात : हा प्रश्न कोणाकोणाच्या आयुष्याला लागू आहे, त्यांपैकी कितींपर्यंत फॉर्म पोहोचेल, आणि जे राहतील त्यांच्याकडे कोण जाईल. मग प्रश्न कागदावर उतरवून शेजाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावयाचे. तो जेथे अडखळेल तो शब्द बदलावयाचा. मग पाच माणसांवर चाचणी घ्यावयाची. त्यानंतरच फॉर्म मोबाइलवर चढतो. ज्यांना वाचता येत नाही किंवा ज्यांच्या घरचा एकमेव मोबाइल मुलाच्या खिशात असतो, त्यांच्याकडे विद्यार्थ्याने स्वतः जावे, प्रश्न वाचून दाखवावेत आणि उत्तर जसेच्या तसे भरावे. निष्कर्ष सांगतानाही नुसते ‘70 टक्के’ म्हणावयाचे नाही. कितींना विचारले आणि कितींनी उत्तर दिले, हे त्याच वाक्यात सांगावयाचे.

आणखी एक जबाबदारी आहे. विश्वास ठेवून दिलेले उत्तर ही दुसऱ्याची ठेव असते. फॉर्ममध्ये ईमेल गोळा करण्याची सोय असते. कारण नसेल तर ती बंद ठेवावी. उत्तरांचा तक्ता कोणाला उघडता येतो हे तपासावे. नाव विचारले नाही म्हणजे माणूस ओळखू येत नाही, असेही नव्हे. एखाद्या खात्यात तीनच बायका असतील, तर खाते आणि वय एवढ्यावरून कोण बोलले हे मुकादमाला कळते, आणि मग तिच्या नोकरीवर येते. व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी आपल्या संसदेने 2023 साली कायदा केला आहे आणि 18 वर्षांखालील व्यक्तीला त्यात बालक मानले आहे. शाळेतील मुले एकमेकांकडूनच माहिती गोळा करतात तेव्हा शिक्षकांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

त्या बसचे पुढे काय झाले, हे सांगून थांबतो. त्याच मुलीने आणि तिच्या दोन सोबत्यांनी नवा फॉर्म केला. प्रश्न सहाच होते. दोन दिवस पहाटे फाट्यावर उभे राहून त्यांनी झाडलोट करणाऱ्या प्रत्येक बाईचे उत्तर घेतले. एकही राहिली नाही. शेवटचा प्रश्न होता, ‘आम्ही काय विचारावयाचे विसरलो?’ त्यावर बहुतेकींनी सांगितले की, आत गेल्यावर त्यांच्यासाठी वेगळे स्वच्छतागृहच नाही. आम्ही त्या दारातून वर्षानुवर्षे ये-जा करीत आलो आहोत. ही गोष्ट आम्हांला ठाऊक नव्हती, कारण आम्ही कधी विचारली नव्हती. बसची पहिली फेरी पुन्हा सुरू व्हावयास दोन महिने लागले. स्वच्छतागृहाची मागणी आमच्या मागणीपत्रात आता पहिल्या पानावर आहे आणि ती अजून मंजूर व्हावयाची आहे.