लाल रंगाचा हिशेब

पडद्यावर रंगीत आकृत्या नाचवाव्यात या हौसेने मी आणि धाकटा भाऊ घरीच लेसर प्रोजेक्टर जुळवीत होतो. लाल 660, हिरवा 520 आणि निळा 450 नॅनोमीटर तरंगलांबीचा. तिन्ही सारख्याच शक्तीचे. म्हणजे मिळून पांढरा होणार, हा माझा हिशेब! पडद्यावर मात्र हिरवट निळा ठिपका उमटला. लाल जणू रुसूनच बसला.

चूक लेसरची नव्हती, माझी होती. मिलिवॅट हे यंत्राचे माप. उजेड किती, हे डोळा ठरवतो. लख्ख उजेडात आपला डोळा 555 नॅनोमीटरच्या पिवळट हिरव्याला सर्वाधिक दाद देतो. गडद लालाकडे जावे तशी ती दाद झपाट्याने ओसरते. म्हणूनच तेवढ्याच शक्तीचा 638 नॅनोमीटरचा लाल 660 च्या लालापेक्षा सुमारे तिप्पट उजळ दिसतो. पांढऱ्यासाठी 660 चा लाल हिरव्याच्या चौपट शक्तीचा लागतो. 638 चा दीडपट पुरतो.

तेव्हा 638 च घ्यावा. मात्र तो तापला की मंदावतो. त्याला ॲल्युमिनियमची जाड बैठक द्यावी.

शेवटी एक सांगतो. त्या रात्री धाकटा झोताच्या वाटेत डोकावू लागला, तेव्हा मी त्याला मागे खेचले. पापणी मिटण्याआधीच असा झोत दृष्टी हिरावू शकतो. लाल मंद दिसतो, म्हणून तो निरुपद्रवी नव्हे. डोळ्याचा हिशेब रंगासाठी मांडावा. धोक्यासाठी मिलिवॅटच पाहावेत.